काट्याखालचा गुडघा

— नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू मॅडम, तिचा चौथा पाय नुसता शोभेचा आहे. मागे प्रकल्पाचे मोठे डॉक्टर बसले आणि बसता बसता थेट माझ्या पायाशी आले, मला क्षणभर वाटलं, माणसाला उपरती झाली — इकडे बसा, या पत्र्याच्या पेटीवर. आत फॉर्म आहेत, तीन वर्षांचे. म्हणजे ज्यांची तपासणी करायला आलात त्यांच्यावरच बसलात, बसा बिनधास्त, एकदा कंप्युटरात गेले की त्यांचं परत कुणी तोंड बघत नाही, तुमचं बूड तरी लागलं. हं, तर काय म्हणत होता — टाकीमागची गल्ली, घर एकशे बारा, मुलगी, वय चौदा महिने. मंगळवारी माझ्या कागदावर सहा किलो तीनशे. बुधवारी सकाळी दवाखान्याच्या कागदावर सात किलो दोनशे. एका रात्रीत पोर नऊशे ग्रॅमने वाढली. हो, दिसतोय मला लाल गोल. काटा बिघडला होता असं लिहा. लिहिलंत? — नका लिहू. खोडा. त्या बिचाऱ्या काट्याची बदनामी कशाला. काटा ठणठणीत आहे. अक्षर माझं, सही माझी, आणि आकडाही माझाच.

तुम्ही नव्या आहात म्हणून पहिल्यापासून सांगते. ती पाण्याची टाकी दिसते ना खिडकीतून — तिच्या अलीकडच्या गल्ल्यांतल्या पोरांना पाकीट मिळतं, आत गोड लगदा असतो शेंगदाण्याचा, पोरं चाटतात, बापही चाटतात, आम्हाला माहीत असतं, पण फॉर्ममध्ये बापांचा रकाना नाही म्हणून लिहीत नाही. आणि टाकीच्या पलीकडच्या पोरांना काय मिळतं? त्यांना मी मिळते. मी दर पंधरा दिवसांनी जाते, वजन करते, उंची मोजते, 'छान' म्हणते आणि परत येते. शेवटी दोन्हीकडच्या पोरांची तुलना करायची आणि जगाला सांगायचं की खाल्लं की पोरं वाढतात. हसू नका, मोठ्या डॉक्टरांनी मला नीट समजावलंय, ते तसं नसतं म्हणे, किती वाढतात, कशाने वाढतात, किती दिवस टिकतं, ते महत्त्वाचं — माणूस चांगला आहे हो, मी वाईट नाही बोलणार, गल्ल्या त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवल्या, कुणाचा वशिला नाही. फक्त चिठ्ठी काढायला हात माझा घेतला. टाकीपलीकडच्या बायकांना ते पक्कं ठाऊक आहे. एक म्हातारी तर अजूनही मला लांबून बघितलं की म्हणते, आली बघा रिकाम्या हाताची.

एक नियम मात्र दोन्हीकडे सारखा. कागदावर लाल रेषा असते, पोर त्या रेषेखाली गेलं की प्रकल्पाची गाडी येते, दवाखान्यात खाट मिळते, आईला सोबत राहता येतं. रेषेच्या वर राहिलं की — राहिलं. चौदा महिन्यांच्या मुलीची रेषा सहा किलो सहाशेला. सहा सहाशे दहाला काही नाही. आता दहा ग्रॅम म्हणजे काय असतं? पोराने एकदा शी केली की दहा ग्रॅमच्या वर जातात. मी कितीदा दारात थांबले आहे, म्हटलं, बाई, त्याचं होऊ दे एकदा मोकळं, मग घालू काट्याच्या झोळीत. — हे नका लिहू. हे मी आपलं गमतीने सांगितलं.

पण पहिल्या वर्षी कुणी दारात उभंसुद्धा करत नव्हतं मला. ती फळी बघा, कोपऱ्यातली, सरकत्या पट्टीची — पोराला आडवं निजवायचं, डोकं इकडे टेकवायचं, पाय तिकडे, आणि पट्टी सरकवून लांबी लिहायची. मी ती काखेत मारून गल्लीत शिरले, आणि लोकांना वाटलं मी लहान पेट्यांचं माप घ्यायला आले आहे. त्या पेट्यांचं, हो, पोरांना पुरायच्या. दोन गल्ल्यांनी धाडधाड दारं लावून घेतली. त्यातून माझा हा अवतार, हे वजन — माझं हो — पोरांची वजनं घ्यायला आलेली बाई स्वतः दारातून आडवी शिरते, एकीने विचारलंच, पाकिटं तुम्हीच खाता का? पण मी चिकटले. तीन वर्षं घोकवून घेतलं त्यांच्याकडून — शेजारणीवर विश्वास ठेवू नका, डोळ्यांवर ठेवू नका, काट्यावर ठेवा, काटा खोटं बोलत नाही. इतकं डोक्यात भरलं की सासवा ग्रॅमावरून भांडायला लागल्या, माझा नातू तुझ्या नातवाहून दीडशेने जास्त. एकीने तर नातवाच्या लंगोटात किल्ल्यांचा जुडगा बांधून आणला, झोळीत घातल्यावर पोर खुळखुळायला लागलं.

तर बेडकी. एकशे बारातली ती पोर, मी तिला बेडकी म्हणते, कारण ती रडायची नाही, डराव करायची, काट्याला टांगली की संपूर्ण गल्लीला कळायचं. आई शिलाईवाली आहे, घरी शर्टाच्या कॉलरी शिवते, मशीन अगदी उंबऱ्याशी, उजेड तिथेच येतो. पोटात पुन्हा एक, पाचवा महिना, दूध आटलेलं. बेडकीला पेज मिळायची, इतकी पातळ की वाटीचा तळ दिसायचा. नवरा कामासाठी लांब. घरात सत्ता सासूची, आणि सासू म्हणजे — मी बऱ्याच सासवा बघितल्या, स्वतः एक भोगली, पण ही अशी की तिच्यापुढे मशीनसुद्धा दबकत चालायचं. वाईट नव्हे हं. पोरीला स्वतः भरवायची, चमच्या-चमच्याने, तासभर. फक्त भरवायला त्या वाटीत काही नसायचं.

आणि पोरीचं वजन वाढत होतं. हे तुमच्या कागदावरच बघा, सहा नऊशे, मग सात, आणि त्या मंगळवारी काट्यावर सात दोनशे, ते कागदावर नाही. खरं वजन, पहिल्यांदा टांगलं तेव्हाचं. सासूने शेजारणीला हाक मारून काटा दाखवला. मीसुद्धा 'छान' म्हटलं, सवयीने येतं ते तोंडातून. मग पोरीला झोळीतून काढली आणि माझ्या लक्षात आलं, आज डराव नाही. तोंडातून आवाजच नाही. गाल गुबगुबीत, चकचकीत, आणि वर डोळे मेल्यासारखे. केस तांबूस झालेले. जन्मल्यापासून ही पोर माझ्यावर शू केल्याशिवाय कधी राहिली नव्हती, त्या दिवशी तेही नाही. मी मोजा काढला, तर रबराचा वळ पायावर खोल, असा, दोरी बांधून सोडल्यासारखा. थांबले, म्हटलं आता भरेल. भरेना. मग अंगठ्याने दाबलं पाऊल. मळलेल्या कणकेत बोट रुततं ना, तसा खड्डा पडला, आणि खड्डा तसाच. दुसऱ्या पायावर दाबलं, तिथेही. ते वजन नव्हतं मॅडम. पाणी होतं. पोर आतून वाळत होती आणि वरून पाणी भरत होतं, आणि आम्ही तिघी काट्याकडे बघून खूश.

आता हे लिहायचं कुठे? दोनशे तेरा प्रश्न आहेत त्या फॉर्मात. घरात रेडिओ आहे का, हा प्रश्न आहे. छत कशाचं, तोही आहे. बाळाने गेल्या चोवीस तासांत किती प्रकारचं अन्न खाल्लं — त्या दिवशी एकाने माझ्या पेनाचं टोपण खाल्लं, ते कुठल्या प्रकारात घालू? पण पावलावर खड्डा पडतो, याला दोनशे तेरा प्रश्नांत टिचभर जागा नाही. मी सुपरवायझरला फोन लावला, तिथूनच, दारातून. म्हणाला, वजन किती? म्हटलं, सात दोनशे. मागच्या वेळी? सात. म्हणाला, म्हणजे वाढलंय, मग काकी, तुम्ही रडताय कशाला? मी म्हटलं, रडत नाही, पाय सुजलेत. म्हणाला, रेषेच्या वर आहे ना, पुढच्या वेळी बघू, आणि ठेवला. त्याचं बरोबरच आहे, गाडी एक, गल्ल्या चौदा, तो काय रेषा सोडून माझ्या अंगठ्यावर गाडी पाठवणार?

मग मी सासूला सांगितलं, ही आजारी आहे, आजच्या आज दवाखान्यात न्या. सासू माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी चोरी करताना सापडले. म्हणाली, "वजन वाढलं म्हणून आत्ता तुम्हीच सांगितलंत. तीन वर्षं सांगताय काटा खोटं बोलत नाही. आता पाय दाबून कसली भीती घालता?" माझेच शब्द माझ्या तोंडावर. पायातला खड्डा दाखवला, तर म्हणाली, बाळसं आहे, बाळशाला खळ्या पडतातच. शिलाईवालीने मशीन थांबवलं नाही, पण हळू केलं. माझ्याकडे बघितलं. तिला कळत होतं हो, आईला कळतं, पण घरात सासूसमोर बोलायचं तर हातात काहीतरी पाहिजे, आणि तिच्या हातात नुसती कॉलर.

तेव्हा मी म्हटलं, थांबा, झोळी वाकडी लागली होती बहुतेक, पुन्हा करू. पुन्हा टांगली. आणि असं सासूकडे पाठ करून उभी राहिले, झोळीला खेटून, आणि खालून गुडघा लावला. हा, हाच, उजवा. अलगद उचलायचा, फार नाही, फार उचलला तर काटा शून्यावर जातो. तुम्हाला सांगते मॅडम, एका पायावर उभं राहून, हे एवढं शरीर सांभाळत, नऊशे ग्रॅम नेमके उचलून धरणं — घाम फुटला मला, वाटलं आता मी, काटा, पोर आणि चौकट, सगळं एकदम खाली. भाजीवाले काट्यात दांडी मारतात ना, तशी मी मारली. तीन वर्षांत कामाला कधी दांडी मारली नाही, मारली ती थेट काट्याला. आणि मोठ्याने वाचलं, सहा तीनशे. कागदावर लाल रेषेच्या खाली खूण केली. सासूने येऊन स्वतः बघितलं. तिला वाचता येत नाही पण लाल रंग कळतो. तिचं तोंड एकदम इतकंसं झालं. मशीन थांबलं. गाडी आली तेव्हा पोरीला उचलून सासूच पळाली, चप्पल न घालता, सून मागून.

दवाखान्यात ती चष्मेवाली डॉक्टरीण आहे, तिने वजन विचारलंसुद्धा नाही म्हणे. पाय दाबला आणि खाट दिली. वजन नंतर नर्सने केलं, सात दोनशे, तेच तुमच्या हातात आहे. मग हळूहळू पोरीचं पाणी उतरलं. आणि दहाव्या दिवशी तिचं वजन किती भरलं? नाही माहीत? तो कागद तुम्हाला दिला नाही वाटतं कुणी. सहा किलो तीनशे. मी काही भविष्यवाली नाही, योगायोग आहे, पण लिहून घ्या, आकडा खोटा नव्हता, जरा आगाऊ लिहिला होता. आता घरी आहे ती. वजन वाढतंय, या वेळी खरं, मी दर वेळी आधी पाय दाबते. परवा झोळीत घातली तर असं डराव केलं की शिलाईवालीच्या हातून कॉलर उलटी शिवली गेली.

— हे काय? वाचून दाखवा, चष्मा नाही माझ्याकडे. 'मोजणीतली अनवधानाने झालेली चूक.' आणि मी सही करायची. मग ती ओळ गाळतील आणि विषय मिटेल. तुमचं मन चांगलं आहे, कळतं मला. सही नाही केली तर? — हं. मुद्दाम केलं असं ठरलं तर मला काढतील, आणि माझी सगळी पानं पुन्हा तपासतील. बरोबर आहे, मी त्यांच्या जागी असते तर मीही काढलं असतं. ज्या बाईचा गुडघा काट्याखाली एकदा गेला, तिचा आणखी किती वेळा गेला असेल, कुणी सांगावं? नाही, एकदाच. देवाशपथ एकदाच. गुडघा दाखवू?

काय? — अंगठ्याने दाबायचं मला कुणी शिकवलं? ते — ते ट्रेनिंगमध्ये असतंच की. पहिल्या वर्षी फॉर्मात प्रश्नच होता तसा. एकशे सत्तेचाळीसावा. दोन्ही पावलांवर सूज आहे का, अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघा, हो किंवा नाही. मग काढून टाकला. का म्हणजे, वर्षभरात एकही 'हो' आला नाही. कंप्युटरने सांगितलं, इथे ही तक्रारच नाही, फॉर्म उगाच लांबतोय. आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या, एक प्रश्न कमी. अहो, एकशे सत्तेचाळीसाव्यापर्यंत पोचता पोचता पोर किंचाळत असतं, आईचं चुलीवर काहीतरी करपत असतं, पाय फडक्यात गुंडाळलेले, कोण सोडत बसतंय, आपण 'नाही'वर खूण करतो आणि पुढे जातो. सगळ्याजणी तेच करायच्या. सगळ्याजणी म्हणजे — सगळ्यांचं मला काय माहीत. मी करायचे.

एक मुलगा होता. बाटल्या निवडणारीचा, त्याच गल्लीत, चार घरं अलीकडे. घर एकशे आठ. मी त्याला पैलवान म्हणायचे. दीड वर्षाचा, गाल असे, दोन हातांनी धरावेत. मी त्याला गल्लीत नाचवला मॅडम, शेजारणींना दाखवला, म्हटलं, टाकीपलीकडे पाकीट नाही म्हणून रडता, हे बघा, असं पोर पाहिजे. आई लाजली. बाटल्या पुसायच्या फडक्याने तोंड झाकून हसली. मी फॉर्म भरला, एकशे सत्तेचाळीसाव्याला 'नाही'वर खूण केली आणि गेले. अकराव्या दिवशी तो गेला. कागदावर जुलाब लिहिलंय. मी भेटायला गेले तेव्हा ती मला काही बोलली नाही, चहासुद्धा दिला, मग म्हणाली, "त्याला शेवटची आंघोळ घालत होते ना, तर पायाला जिथे जिथे धरला तिथे माझी बोटं तशीच राहिली. असं होतं का?" मी म्हटलं, होतं. होतं म्हटलं मी. तिथून मला अंगठा कळला, ट्रेनिंगमध्ये नव्हे. आणि महिनाभराने तो प्रश्न काढला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, कारण उठून बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, काकी, तुम्हाला कसं माहीत.

— नको, पाणी नको. द्या इकडे ती यादी. याच पानावर आहे तो, वर बघा. एकशे आठ. वजन बरोबर, उंची बरोबर, वय बरोबर. सूज, नाही. आणि पुढे हिरवी खूण, कंप्युटरने केलेली, काही शंका नाही. तुम्ही खोटं शोधायला तीन तास गाडीत बसून आलात ना, मग हे घ्या. बेडकीच्या ओळीत लिहा, मुद्दाम केलं, गुडघ्याने केलं, कारण असं असं. चूक नका लिहू, चुकीवर मी सही नाही करणार. आणि तो प्रश्न परत घालायला सांगा, रेडिओचा काढा हवं तर, रेडिओ नसल्याने आमच्याकडे कुणी मेलेलं नाही. आणि एकशे आठवरची ती हिरवी खूण खोडा. — करता येत नाही म्हणजे? ते वर्ष बंद झालं? बंद म्हणजे कुलूप लावलंय का त्याला? नुसतं पेन धरून काय बसलीस, पोरी?

आण ते पेन इकडे. लाल. — ही अशी खोडली खूण. आता त्याच्या पुढे माझं नाव घाल, तुझ्या अक्षरात, माझं त्यांना वाचता येत नाही. घातलंस? बरं. ऊठ आता. जा तू. बाहेर पोरं घेऊन बायका कधीच्या खोळंबल्यात.